मदत कुणाकडे मागायची? मानसोपचार, समुपदेशन आणि कोचिंग यांची गोव्यातली पार्श्वभूमी

दारू सोडायची आहे, राग आवरत नाही, नोकरीत मन लागत नाही, बाळंतपणानंतर रडू थांबत नाही. अशा वेळी पणजी, म्हापसा, फोंडा किंवा मडगावात शोधू गेल्यास मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, लाइफ कोच, हिप्नोथेरपिस्ट अशी नावे पुढे येतात. बहुतेकांना ती एकाच कामाची कमी-जास्त महाग नावे वाटतात. पण यातला प्रत्येक व्यवसाय वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून उभा राहिला आणि प्रत्येकाला जाब विचारणारी यंत्रणाही वेगळी आहे. काहींना तर जाब विचारणारे कुणीच नाही. चुकीच्या दारात महिने वाया जातात ते मुख्यतः हा फरक माहीत नसल्याने.

या सगळ्यांच्या आधीपासून गोव्यात मदतीची जागा होतीच. देवाला प्रसाद लावणे, कौल घेणे (देवाचा होकार-नकार विचारणे), घाड्याकडे म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे जाणे, दृष्ट काढणे. ख्रिस्ती घरांत पाद्रीसमोर कबुली. आजही अनेक कुटुंबे डॉक्टरकडे येण्यापूर्वी कौल घेऊन आलेली असतात. त्यात गैर काही नाही. कुटुंब एकत्र बसते, अडचण उघड बोलली जाते, हे मोलाचे आहे. अडचण येते ती कौलाची वाट पाहताना औषध बंद ठेवले जाते तेव्हा.

पुढच्या टप्प्याची सुरुवात एका गोंयकारापासूनच होते. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले आब्बे फारिया १७७१ मध्ये वडिलांबरोबर लिस्बनला गेले आणि पुढे पॅरिसमध्ये १८१३ पासून संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागले. त्याआधी मेस्मर या वैद्याने माणसाच्या अंगातून चुंबकीय द्रव वाहतो आणि उपचारक तो रोग्यात सोडतो, असे सांगून युरोप भारून टाकला होता. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉझिए यांचा समावेश असलेल्या शाही समितीने १७८४ मध्ये असा द्रव नसल्याचे दाखवले. मग परिणाम दिसतो तो कशामुळे? फारियांचे उत्तर असे की संमोहन करणाऱ्याकडून काहीच जात नाही. जे घडते ते समोरच्या व्यक्तीच्या एकाग्रतेतून आणि सूचना स्वीकारण्याच्या तिच्या क्षमतेतून. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते वारले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. मदत निवडणाऱ्याने फारियांचे म्हणणे आजही जपून ठेवावे. ‘माझ्यात शक्ती आहे, मी तुम्हाला बदलून टाकतो’ असे सांगणारा मनुष्य दोनशे वर्षांपूर्वी खोडून काढलेली गोष्ट विकत असतो.

गोव्यातल्या रुग्णालयीन मानसोपचाराचा इतिहास पणजीच्या आल्तिनो टेकडीवर सुरू झाला. तिथल्या मनोरुग्णालयाला फारियांचेच नाव होते. १९८० मध्ये ते आणि गोमेकॉचा (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा) मानसोपचार विभाग एकत्र करून आजची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था झाली. पुढे ती बांबोळीला हलली. त्या काळापर्यंत उपचारांचे स्वरूपही पालटले होते. १९५२ मध्ये तीव्र मनोविकारांवरचे क्लोरप्रोमाझिन आणि १९५७ मध्ये नैराश्यावरचे इमिप्रामिन ही औषधे वापरात आल्यावर डांबून ठेवण्यापलीकडे काही करता येऊ लागले. कायदा मात्र सावकाश बदलला. १९१२ चा जुना कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि रुग्णाच्या हक्कांना केंद्रस्थान देणारा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे, ही तरतूद याच कायद्याची. तरीही पोलिसांच्या भीतीने अशा प्रसंगानंतर घरीच झाकून ठेवणारी कुटुंबे आहेत. त्यांनी निर्धास्तपणे रुग्णालयात यावे.

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. या व्यवसायांत औषध लिहिण्याचा अधिकार त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळ्या वाटेने आला. लायटनर विट्मर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांसाठी पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक काढले. आपल्याकडे १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, जी १९७४ पासून निम्हान्स झाली, आणि तिथून या शाखेचे शिक्षण रुजले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला केंद्रीय नोंदवहीत नाव असणे बंधनकारक केले. म्हणून त्यांना नोंदणी क्रमांक विचारणे हा अपमान नाही. चाचण्या, निदान, ओसीडी (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होणे), पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), जुना आघात यांवरची बांधीव थेरपी हे त्यांचे काम.

समुपदेशनाचे मूळ आजारात नव्हतेच. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे केंद्र काढले. १९४० च्या दशकात कार्ल रॉजर्स यांनी सत्रे ध्वनिमुद्रित करून, नीट ऐकून घेण्याने माणूस कसा पुढे सरकतो हे तपासण्याची सवय लावली. भारतात मात्र समुपदेशकाला कायद्याची चौकट फार उशिरा मिळाली. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक आले, पण प्रत्यक्ष नोंदणीची घडी अजून बसायची आहे. तोवर दोन वर्षांची एमए आणि देखरेखीखालचा सराव केलेली व्यक्ती आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेली व्यक्ती एकच पाटी लावू शकतात. कोचिंग त्याहून नवे. त्यातली सर्वांत मोठी जागतिक संघटना १९९५ ची. तिचे पहिले प्रमाणपत्र किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांच्या कोचिंगच्या अनुभवावर मिळते. हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, सरकारी नाही. ठरलेले उद्दिष्ट गाठायचे असेल, झोप-भूक ठीक असेल, तर चांगला कोच उपयोगी पडतो. नैराश्यातल्या माणसाला तो दर आठवड्याला नवे लक्ष्य देत राहिला, तर न गाठलेल्या प्रत्येक लक्ष्याने तो माणूस आणखी खचतो.

इथे गोव्याचे दुसरे मोठे योगदान येते. १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘संगाथ’ने एक रोखठोक प्रश्न घेतला: मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असताना साधे नैराश्य आणि चिंता यांवर उपचार करायचे कुणी? २४ दवाखाने आणि आरोग्य केंद्रे घेऊन केलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन डॉक्टरांच्या जोडीला बसवले होते. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी त्यांच्या मदतीने बरे झालेले ६५.९ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही त्याच चाचणीत नोंदले आहे.

२०१७ मध्ये ‘संगाथ’च्याच, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या दोन चाचण्या आल्या; त्यांतही सत्रे अशाच प्रशिक्षित स्थानिक व्यक्ती घेत. तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ सत्रे, प्रत्येक ३० ते ४० मिनिटांचे; माणसाने सोडून दिलेली कामे पायरीपायरीने पुन्हा हाती घ्यायची. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तुलनेच्या गटात ३९ टक्के. हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार सत्रे. ३६ टक्क्यांचे पिणे सुरक्षित पातळीवर आले, दुसऱ्या गटात २६ टक्क्यांचे. या यशामागे पदवी नव्हती. सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकून सहकारी आणि तज्ज्ञ नियमित गुण देत, आणि आवाक्याबाहेरची व्यक्ती पुढे पाठवली जाई. म्हणून समुपदेशकाला ‘तुमच्या कामावर देखरेख कुणाची?’ हा प्रश्न पदवीइतक्याच गांभीर्याने विचारावा.

दारूबाबत थोडे थांबायला हवे, कारण चुकीच्या निवडीची किंमत इथे जिवावर बेतते. मद्यपानाच्या त्या चाचणीत, पिण्याची पातळी मोजणाऱ्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीवर १२ ते १९ गुण असलेले पुरुष होते. या प्रश्नावलीत १० प्रश्न आणि ४० गुण असतात. २० किंवा अधिक म्हणजे बहुधा शरीरच दारूवर अवलंबून. असा माणूस श्रावण पाळायचा म्हणून किंवा लेंट (ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासकाळ) सुरू झाला म्हणून एका रात्रीत सोडतो, तेव्हा ६ ते २४ तासांत हात कापणे, घाम, अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम व ताप असलेली गंभीर अवस्था येऊ शकते. घरचे ‘बाहेरची बाधा’ म्हणून धावाधाव करतात. सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला फेणी लागत असेल, तर आधी डॉक्टर. देखरेखीखाली औषधे आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) घेऊन दारू सुटली की मग समुपदेशन, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठका आणि देवाचा नेम, सगळे उपयोगी पडते.

इतर अडचणींतही क्रम महत्त्वाचा. थकवा आणि उदासी असेल तर गावच्या डॉक्टरकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. नैराश्य मोजणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर व्यावसायिकाला भेटा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, त्याला ‘अजिबात नाही’ सोडून दुसरे कुठलेही उत्तर आले तर त्याच दिवशी. आवाज ऐकू येणे, टोकाचा संशय, झोप न लागताही उतू जाणारा उत्साह, जेवण सुटणे ही मानसोपचारतज्ज्ञाची कामे. जाताना चालू गोळ्यांची यादी आणि सोबत राहणारे एखादे माणूस न्या. नैराश्यावरची औषधे लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवावी लागतात. बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

शोक, नवरा-बायकोतील कुरबुर, परीक्षा, निवृत्ती यांसाठी समुपदेशक पुरतो. चार-सहा सत्रांनंतर काहीच हलले नसेल तर ते तिथेच बोलून दाखवा. चांगला समुपदेशक पद्धत बदलतो किंवा स्वतःहून दुसरे नाव सुचवतो. पूर्ण रक्कम आगाऊ मागणे, खात्री देणे, औषधे बंद करायला सांगणे, यांपैकी एकही दिसले तर उठून यावे.

गोवा लहान आहे. वाड्यावरचा समुपदेशक तुमच्या मावशीच्या शेजारी राहत असू शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत गोपनीयतेची हद्द विचारा: कोणत्या प्रसंगी, कुणाला सांगितले जाईल. गरज वाटल्यास दुसऱ्या तालुक्यातला माणूस निवडा. भाषाही आधीच ठरवा. फॉर्म इंग्रजीत असला तरी घरात ज्या कोकणी-मराठीत भांडण होते, त्यातच बोलू देणारा माणूस हवा. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर १४४१६ या फोन क्रमांकावरची, २०२२ पासूनची सरकारी टेलिमानस सेवा मोफत आहे. तिथला प्रशिक्षित समुपदेशक आधी ऐकून घेतो आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो.