जनुकीय सहलग्नता आणि गुणसूत्रांचे नकाशे

एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेली जनुके पुढच्या पिढीत बहुधा जोडीनेच जातात. याला सहलग्नता म्हणतात. ही जोडी किती वेळा फुटते हे संततीत मोजले, की जनुकांचा क्रम आणि त्यांच्यातील अंतर ठरवता येते.

मेंडेल यांच्या स्वतंत्र वाटणीच्या नियमाप्रमाणे, म्हणजे प्रत्येक गुण दुसऱ्यावर अवलंबून न राहता पुढे जातो असे धरले तर, दोन गुणांच्या संकरात दुसऱ्या पिढीत ९:३:३:१ हे प्रमाण यायला हवे. इंग्लंडमध्ये बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांना १९०५ च्या सुमारास स्वीट पी या वाटाण्याच्या कुळातील फुलवेलीत ते मिळेना. जांभळे फूल व लांबट परागकण, किंवा तांबडे फूल व गोल परागकण, या मूळच्या जोड्याच फार भरत. अदलाबदल झालेल्या वेली अपेक्षेपेक्षा खूपच कमी. कारण मात्र त्यांना नीट सांगता आले नाही.

ते सापडले न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, फळमाशीत. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर मिळाला आणि ते जनुक एक्स गुणसूत्राशी बांधलेले आढळले. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी, म्हणजे अंडपेशी व शुक्रपेशी तयार होताना, समजात गुणसूत्रे (आईकडून व वडिलांकडून आलेल्या जोडीतील गुणसूत्रे) एकमेकांना बिलगतात व आपापले तुकडे बदलतात. या विनिमयामुळेच जोडी फुटते आणि जनुके जितकी दूर तितकी ती अधिक वेळा फुटते, असे मॉर्गन यांनी मांडले.

यापुढचे पाऊल त्यांच्या प्रयोगशाळेतील पदवीच्या विद्यार्थ्याने टाकले, आणि ते मला आनुवंशिकीतील सर्वांत देखणे वाटते. आल्फ्रेड स्टर्टव्हंट याने १९११ मध्ये प्रयोगशाळेतील आकडे घरी नेले, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून रात्रभर बसला आणि पहिला नकाशा काढला. तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढरे डोळे आणि शेंदरी डोळे यांच्या जनुकांत १,५८४ पैकी ४७१ माश्यांत, म्हणजे २९.७ टक्के, अदलाबदल दिसत होती. शेंदरी डोळे आणि आखूड पंख यांत ती ३.० टक्के, तर पांढरे डोळे आणि आखूड पंख यांत ३३.७ टक्के होती. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ३२.७, म्हणजे तिसऱ्याच्या अगदी जवळ. तेव्हा शेंदरी डोळ्यांचे जनुक मधेच असणार, आणि तिन्ही एका रेषेत.

लांबच्या जनुकांत मात्र बेरीज जुळत नाही. पिवळ्या शरीराचे जनुक ० वर धरले, तर खुरट्या पंखांचे जनुक नकाशात ५७.६ वर येते. थेट मोजणीत मात्र अदलाबदल ३७.६ टक्केच भरली होती. दोन जनुकांच्या दरम्यान दोनदा विनिमय झाला, की मूळची जोडी पुन्हा जुळते आणि मोजणीतून निसटते. म्हणून नकाशा जवळजवळच्या अंतरांची बेरीज करत बांधावा लागतो. थेट मोजलेली अदलाबदल सरासरी ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. तिथे जनुके एकाच गुणसूत्रावर असूनही स्वतंत्र असल्यासारखी वागतात. एक टक्का अदलाबदलीच्या अंतराला सेंटीमॉर्गन म्हणतात. हे एकक सुचवणारे जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले.

तोवर हे सारे अनुमानच होते. १९३१ मध्ये हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याचे असे नववे गुणसूत्र निवडले, की ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला परक्या गुणसूत्राचा तुकडा. दाण्यांचे गुण बदलले तिथे गुणसूत्राची टोकेही बदललेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली.

सेंटीमॉर्गन हे डीएनएच्या लांबीचे माप नव्हे. माणसात एक सेंटीमॉर्गन म्हणजे ढोबळमानाने दहा लाख बेसजोड्या (डीएनएच्या साखळीतील एकेक दुवे). पण गुणसूत्राच्या काही भागांत विनिमय वारंवार होतो, तर सेंट्रोमिअरजवळ, म्हणजे विभाजनाच्या वेळी गुणसूत्र जिथून ओढले जाते त्या भागाजवळ, क्वचितच. स्त्रियांचा नकाशा पुरुषांपेक्षा लांब भरतो, आणि नर फळमाशीत तर विनिमय होतच नाही.

माणसांत संकर घडवता येत नाहीत. तिथे मोठ्या कुटुंबांच्या वंशावळी आणि डीएनएवरील खुणा, म्हणजे जवळच्या जनुकासोबत पुढे जाणारे व सहज ओळखता येणारे फरक, वापरतात. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या मदतीने हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचे जनुक १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. नेमके जनुक हाती यायला १९९३ उजाडले. पिकांत ही वाट जवळची ठरते. जिवाणूंमुळे होणारा करपा रोखणारी दोन जनुके पुसा बासमती १ या भाताच्या वाणात आणताना दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने रोपे अशा खुणांवरून निवडली. सुधारित वाण २००७ मध्ये प्रसारित झाले.