वेगमापक यंत्रांचा सुगावा आणि चुकवाचुकवी

रस्त्यावर पोलिसांनी लावलेली वेग मोजायची यंत्रं, म्हणजे रडार गन, लेझर गन, कॅमेरे वगैरे, ती आपल्याला पकडायच्या आत ओळखायची किंवा त्यांच्या तावडीतून निसटायचं यासाठी ड्रायव्हर लोक जे जे करतात ते सगळं या नोंदीत येतं. समोरून येणाऱ्या गाडीने दिवसाढवळ्या डिपर मारला की पुढे मामा उभे आहेत हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे रोजच्या वापरावर इथे फार लिहीत नाही. मुळात हे सुरू कुठून झालं आणि यंत्र नेमकं कसं फसतं किंवा फसत नाही, यावर जास्त भर दिलाय.

उगम : बरेच लोक हा विषय रडार डिटेक्टरपासून (पोलिसांच्या रडारची लहर पकडून ड्रायव्हरला सावध करणारं गाडीतलं यंत्र), म्हणजे साधारण १९७० च्या दशकापासून सुरू करतात. पण इशारा देणं हाच या सगळ्याचा गाभा मानला तर सुरुवात जवळजवळ सत्तर वर्षं मागे, इंग्लंडमध्ये न्यावी लागते, आणि तेच मत जास्त पटतं. तिथे १९०३ च्या मोटार कायद्याने वेगाची मर्यादा ताशी २० मैल (साधारण ३२ किमी) ठरवली. पोलीस मोजून ठेवलेल्या अंतराच्या दोन टोकांना झुडपाआड बसायचे, गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला किती सेकंदात गेली ते स्टॉपवॉचवर बघायचे आणि भागाकार करून वेग काढायचे. याला वैतागलेल्या मोटारवाल्यांनी १९०५ साली लंडनमध्ये ऑटोमोबाईल असोसिएशन काढली, आणि तिचं पहिलं काम होतं सायकलवर माणसं नेमून सभासदांना पुढच्या सापळ्याची खबर देणं. आज ही संस्था ब्रेकडाऊन झालेल्या गाड्यांच्या मदतीसाठी ओळखली जाते, पण जन्म या कामातून झालाय.

त्यावरून जे खटले झाले ते आजही कायद्याच्या पुस्तकांत वाचायला मिळतात, म्हणून जरा सविस्तर. १९०७ च्या बास्टेबल विरुद्ध लिटल या खटल्यात कोर्टाने असं धरलं की ज्या गाड्यांना इशारा दिला त्या मुळात मर्यादेबाहेर चालल्या होत्या हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हा होत नाही. तीनच वर्षांनी, १९१० मध्ये, बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स खटल्यात निकाल उलटा लागला, पण तत्त्व उलटलं नाही हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण इथे गाड्या इशारा मिळाला तेव्हा खरोखर वेगात होत्या आणि इशारा मिळाल्यामुळेच हळू झाल्या, म्हणजे पोलिसांचा पुरावा गोळा व्हायच्या आतच नाहीसा झाला, आणि म्हणून शिक्षा कायम राहिली. दोन निकाल एकमेकांच्या विरोधात आहेत असं कधीकधी लिहिलं जातं ते बरोबर वाटत नाही. जो आधीच नियम मोडतोय त्याला वाचवणं वेगळं आणि सगळ्यांना 'सावकाश चला' सांगणं वेगळं, हा फरक दोन्हीकडे सारखाच आहे. २००५ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने ग्लेंडिनिंग खटल्यात याच मुद्द्यावर ड्रायव्हरच्या बाजूने निकाल दिला, दुसऱ्या गाड्या वेगात होत्या याचा पुरावाच नव्हता म्हणून. डिपर मारण्याबद्दल आज जी चर्चा चालते ती याच्या पुढे फारशी गेलेली नाही.

१९१० नंतर असोसिएशनने युक्ती बदलली. गाडीवर संस्थेचा बिल्ला दिसला की त्यांचा माणूस सलाम करायचा आणि पुढे सापळा असेल तर सलाम करायचा नाही. सलाम मिळाला नाही तर थांबून कारण विचारा असं सभासदांना सांगून ठेवलेलं असायचं. न केलेल्या सलामावरून कुणावर खटला भरणार? ही पद्धत पुढे कित्येक दशकं चालली.

रडार कुणी आणलं : यावर मतभेद आहेत. जास्त करून जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक या दोघांची नावं घेतली जातात, दोघंही अमेरिकेत कनेटिकटमधल्या नॉरवॉकच्या ऑटोमॅटिक सिग्नल कंपनीतले. दुसऱ्या महायुद्धात ग्रुमन कंपनीला कॅटालिना विमानांची चाकं उतरताना मोडत होती म्हणून खाली येण्याचा वेग मोजायला या दोघांनी कॉफीचे डबे झाळून एक डॉप्लर रडार जुळवलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती जशीच्या तशी घ्यायला अडचण अशी की कॅटालिना हे विमान ग्रुमनचं नाही, कन्सॉलिडेटेड कंपनीचं आहे, म्हणजे विमानाचं किंवा कंपनीचं नाव कुठेतरी मागाहून बदललं असावं. डब्यांचा भाग खरा असेलही. युद्धानंतर कनेटिकटच्या पोलिसांनी १९४७ च्या सुमारास ग्लॅस्टनबरी इथे हे यंत्र आधी नुसतं वाहतूक मोजायला आणि ताकीद द्यायला वापरलं आणि १९४९ पासून त्यावर दंड लावायला सुरुवात केली, इतपत बहुतेकांचं एकमत दिसतं. काही ठिकाणी श्रेय डेकॅटर इलेक्ट्रॉनिक्सच्या ब्राइस ब्राऊनना आणि साल १९५४ असं दिलेलं सापडतं, पण पहिल्या वापराच्या तारखा पाहता बार्कर-मिडलॉक बाजू वजनदार आहे.

तत्त्व साधं आहे. रडार गनमधून ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या लहरी जातात, चालत्या गाडीवर आपटून परत येतात तेव्हा फ्रीक्वेन्सी जराशी बदललेली असते आणि त्या फरकावरून वेग निघतो. के बँडच्या (बँड म्हणजे फ्रीक्वेन्सीचा ठरलेला पट्टा) २४.१५ गिगाहर्ट्झ गनवर ताशी एक किमीला साधारण ४५ हर्ट्झचा फरक पडतो. जुनी यंत्रं एस बँडवर होती, मग एक्स बँड (१०.५२५ गिगाहर्ट्झ) आला, नंतर के आणि त्याच्यानंतर केए बँड (३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ). गन रस्त्याला तिरकी धरली तर वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो, १० अंशाला दीड टक्का आणि २० अंशाला सहा टक्के, म्हणजे ही चूक ड्रायव्हरच्या फायद्याची असते.

डिटेक्टर : रडारचा सुगावा लागतो त्यामागचं कारण भौतिकशास्त्रातलं आहे, त्यात चलाखीचा भाग कमी. गनला आपली लहर जाऊन परत येईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे परत आलेला सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो, आणि डिटेक्टरला मात्र फक्त जाणारी लहर लागते जी वर्गाच्याच प्रमाणात क्षीण होते. अंधारात टॉर्च घेऊन चालणाऱ्याला समोरचा माणूस दिसायच्या खूप आधी त्या माणसाला टॉर्च दिसतो, तसंच हे. म्हणून सतत चालू ठेवलेली गन सरळ रस्त्यावर डिटेक्टरवाल्याला क्वचितच पकडू शकायची.

साठच्या दशकात असे डिटेक्टर अमेरिकेत विकत मिळायला लागले होते, पण धंदा खरा वाढला तो १९७४ नंतर. तेलटंचाईमुळे निक्सन सरकारने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली, मोकळ्या हायवेवर ती लोकांना जाचक वाटली आणि ट्रकवाल्यांच्या सीबी रेडिओबरोबर (एकमेकांशी बोलायचा गाडीतला वायरलेस) डिटेक्टरही घराघरात गेला. ओहायोच्या डेल स्मिथ यांचा फझबस्टर हा डिटेक्टर याच काळातला, आणि स्वतःला अन्यायाने दंड झाला म्हणून त्यांनी तो बनवला असं सांगितलं जातं. १९७८ मध्ये सिनसिनाटीच्या जिम जेगर आणि माईक व्हॅलेंटाइन यांनी एस्कॉर्ट नावाचा डिटेक्टर आणला, त्यात सुपरहेटेरोडाइन रिसीव्हर होता, म्हणजे रेडिओत असतो तसा आतच एक ऑसिलेटर ठेवून आलेला सिग्नल त्याच्याशी मिसळायचा, त्यामुळे तो आधीच्यांपेक्षा कितीतरी लांबून ओळखायचा. दोघं पुढे वेगळे झाले, आणि १९९२ साली आलेल्या व्हॅलेंटाइन वनने सिग्नल पुढून येतोय की मागून हे बाणाने दाखवायला सुरुवात केली.

पण त्या आतल्या ऑसिलेटरमधून थोडी लहर बाहेर गळतेच, आणि पोलिसांनी नेमकं तेच पकडलं. व्हीजी-२ आणि नंतर स्पेक्टर ही यंत्रं ही गळती ऐकून कुठल्या गाडीत डिटेक्टर चालू आहे ते सांगायला लागली, म्हणजे डिटेक्टर जेवढा तरबेज तेवढा तो स्वतः सापडायची भीती. पोलिसांचा दुसरा डाव याहून सोपा होता आणि जास्त परिणामकारक ठरला: गन बंद ठेवायची आणि गाडी जवळ आली की क्षणभर चालू करायची. तेव्हा डिटेक्टर वाजतो तो वेग मोजून झाल्यावर. शिवाय दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि अलीकडे गाड्यांमधले ब्लाइंड स्पॉट सेन्सर २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच बोलतात, त्यामुळे शहरात डिटेक्टर सारखा ओरडत राहतो आणि लोक शेवटी त्याच्याकडे लक्ष देणं सोडतात.

यंत्रावरचा अविश्वास निव्वळ कांगावा नव्हता हेही नोंदवायला हवं. १९७९ मध्ये फ्लोरिडातल्या डेड काउंटीत न्यायाधीश आल्फ्रेड नेस्बिट यांनी रडारच्या आकड्यावर निःसंशय भरवसा ठेवता येत नाही असा निकाल दिला. त्या सुमारास टीव्हीवर एक झाड ताशी ८६ मैलांनी आणि एक घर २८ मैलांनी चाललेलं रडारवर दाखवण्यात आलं होतं. यातून यंत्रांची तपासणी आणि पोलिसांचं प्रशिक्षण यांचे नियम कडक झाले, आणि डिटेक्टर विकणाऱ्यांनी काहीही म्हटलं तरी सामान्य ड्रायव्हरचा जास्त फायदा या निकालाने केला.

लेझर आणि जॅमर : १९९० च्या आसपास लेझर गन आल्यावर वरचं सगळं गणित बिघडलं. तिचा ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा अदृश्य झोत ३०० मीटरवर जेमतेम एक मीटर रुंद असतो आणि वेग अर्ध्या सेकंदाच्या आत निघतो, त्यामुळे लेझर डिटेक्टर वाजला म्हणजे बहुतेक वेळा आकडा आधीच पडद्यावर आलेला असतो. यावर उलटा प्रकाश सोडून गनला गोंधळात टाकणारे जॅमर निघाले. रडार जॅमर अमेरिकेत केंद्रीय कायद्यानेच बंद आहे, लेझर जॅमरवर काही राज्यांत बंदी आहे. भारतात सिग्नल जॅमर खासगी माणसाला वापरता येत नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणं गरजेचं वाटतं, इशारा ऐकून माणूस निदान हळू तरी होतो, जॅमर लावणारा त्याच वेगात पुढे जातो, त्यामुळे दोघांना एकाच पंक्तीत बसवू नये.

कायदे : फार विस्कळीत आहेत. अमेरिकेत खासगी गाडीत डिटेक्टर बहुतेक राज्यांत चालतो, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत चालत नाही, मोठ्या व्यापारी वाहनांना १९९० च्या दशकापासून देशभर बंदी आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या हायकोर्ट निकालाने डिटेक्टरवरचा वायरलेस कायद्याखालचा आक्षेप टिकला नाही. स्वित्झर्लंडमध्ये नुसता जवळ बाळगणंही गुन्हा. फ्रान्सने २०१२ मध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या उपकरणांवर बंदी आणली, तेव्हा कंपन्यांनी जागेऐवजी 'धोक्याचा पट्टा' दाखवायला सुरुवात केली, हायवेवर चार किमी, गावात ३०० मीटर, आणि हा तोडगा सरकारलाही चालला. जर्मनीत चालवताना मोबाईलवरचं असं अ‍ॅपही वापरता येत नाही. वेझ आणि गूगल मॅप्स ही रस्ता दाखवणारी अ‍ॅप्स आल्यापासून जगभर डिटेक्टरचं काम लोकांनी एकमेकांना फुकट सांगणं हेच झालंय, म्हणजे १९०५ चा सायकलवाला खिशात आला.

सरासरी वेग : इथे चुकवणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद होते. ब्रिटनमध्ये १९९९ च्या सुमारास स्पेक्स, इटलीत २००५ पासून ट्यूटर, अशा यंत्रणा दोन कॅमेऱ्यांत नंबरप्लेट वाचून लागलेल्या वेळावरून सरासरी काढतात. यात गाडीवर कुठलीही रडार लहर सोडावी लागत नाही, त्यामुळे डिटेक्टरला पकडायला काहीच नसतं. जागा माहीत असूनही उपयोग नाही, कारण कॅमेऱ्यापुढे ब्रेक मारून नंतर परत दामटलं तरी हिशोब मधल्या सगळ्या अंतराचा होतो. पद्धत बघितली तर झुडपाआडच्या स्टॉपवॉचचीच आहे, आणि तेव्हाही तिच्यावर माणसाच्या इशाऱ्याशिवाय उपाय नव्हता.

महाराष्ट्रात : मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे, बोरघाटात ६०. हायवे पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांवर लेझर गन असतात, त्यामुळे बाहेरून मागवलेला रडार डिटेक्टर इथे पैसे वाया घालवण्यापलीकडे फार काही करत नाही. २०२४ पासून एक्सप्रेसवेवर गॅन्ट्रीवरच्या (रस्त्यावर आडव्या उभारलेल्या कमानीवरच्या) कॅमेऱ्यांची आयटीएमएस ही वाहतूक नियंत्रण यंत्रणा सुरू झाली आणि तीत दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही बघितला जातो. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. आपल्याकडे चुकवायचे प्रकार नंबरप्लेटभोवतीच जास्त फिरतात, प्लेट वाकवणं, फडकं अडकवणं, आकडे वेडेवाकडे काढणं, आणि यातलं प्रत्येक वेगाच्या दंडाहून वेगळं आणि कधी त्याहून गंभीर प्रकरण होऊ शकतं, शिवाय अपघात करून पळणाऱ्याची गाडीही याच कारणाने सापडत नाही. वेगाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांना १००० ते २००० रुपये आहे.

चलन चुकीचं वाटत असेल तर त्याला सरळ मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या १६७-अ नियमाप्रमाणे यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नवं करावं लागतं, कॅमेरा असलेल्या रस्त्यावर तशी ठळक पाटी लागते आणि नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवायची असते. त्यात भर म्हणून १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांना वैधमापन नियमांखाली पडताळणी आणि शिक्का बंधनकारक झालाय, दुकानातल्या वजनकाट्याला असतो तसाच. आकड्यावर शंका असलेल्याने हे प्रमाणपत्र आणि हा शिक्का मागावा.