रबराला घाई चालत नाही

२०२३ च्या एप्रिलमधला शेवटचा शुक्रवार. बेल्जियममधल्या स्पा-फ्रांकोरशां ट्रॅकवर जागतिक एंड्युरन्स चॅम्पियनशिपची पात्रता फेरी चालू होती. ब्रेंडन हार्टली काही शिकाऊ ड्रायव्हर नव्हे, ल मांची चोवीस तासांची शर्यत तीनदा जिंकलेला माणूस. तो टोयोटा घेऊन पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टायर-इंधनाच्या थांब्यातून, निघाला आणि रेदियोंच्या चढावर गाडी त्याच्या हातून सुटून भिंतीवर आदळली. त्याच्या वेगवान फेरीला अजून सुरुवातही झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी, सहा तासांच्या मुख्य शर्यतीत, पिटमधून नुकतीच निघालेली एक फेरारीही तशीच गेली.

दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं : टायर थंड होते. त्या मोसमापासून टायर आधीच तापवून ठेवायला बंदी घातली होती. पूर्वी टायर चक्क भट्टीसारख्या कपाटांत शेकले जायचे आणि त्यात भरपूर ऊर्जा जायची. ती वाचवावी, हा हेतू. स्पाच्या अनुभवानंतर जूनमधल्या ल मांपुरती ही बंदी उठवावी लागली.

समालोचक ‘टायर थंड आहेत’ म्हणून पुढे सरकतात आणि आपणही मान डोलावतो. पण थंड म्हणजे किती थंड? पंधरा-वीस अंश. म्हणजे आजूबाजूच्या हवेइतकेच. अशा स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या गुळगुळीत टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवलं तर खूण उठते, इतकं ते रबर मऊ असतं. हाताला मऊ लागणारी वस्तू रस्त्यावर मात्र प्लॅस्टिकसारखी घसरते, हे कसं? मला या खेळात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. इंजिन, बॅटरी, पंख हे सगळं बाजूला ठेवून आज फक्त रबराबद्दल बोलू.

आधी थोडा हिशेब. स्पाला धावणाऱ्या वरच्या वर्गातल्या, म्हणजे हायपरकार वर्गातल्या गाडीचं किमान वजन १०३० किलो. ड्रायव्हर आणि इंधन धरून ११५० किलो म्हणू. एका चाकावर साधारण २८८ किलोचा भार. टायरमधला दाब हवेच्या दाबाहून १.८ बार जास्त धरला, तर एवढा भार पेलायला जमिनीला टेकलेला भाग लागतो सुमारे १५७ चौरस सेंटिमीटर. (टायरची भिंतही थोडा भार उचलते, म्हणून हा अंदाजच.) पोस्टकार्डापेक्षा जरासा मोठा. अशा चार पोस्टकार्डांवर ती गाडी ताशी तीनशेच्या आसपास धावते, वळते आणि थांबते.

शाळेत आपण शिकलो की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, फक्त भारावर असतं, आणि भार दुप्पट केला की घर्षणही दुप्पट होतं. लाकडाच्या ठोकळ्यापुरतं हे ठीक आहे. रबर हा नियम पाळत नाही. भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. शिवाय रबराची पकड तापमान आणि वेग यांवर इतकी अवलंबून असते की त्याच्यासाठी एकच घर्षणांक सांगणं म्हणजे माणसाचा मूड एका आकड्यात सांगण्यासारखं आहे.

आता मुख्य गोष्ट. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. डांबरी रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी रबराच्या दृष्टीने तो डोंगराळ मुलूख आहे : मिलिमीटरभर उंचीची खडी, त्या खडीवर खरखरीतपणा आणि त्या खरखरीत कडांवर मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचीची टोकं. टायर त्यावर दाबला गेला की रबर या खाचाखोचांत शिरतं. पकड मिळते ती दोन वाटांनी. जिथे रबर दगडाला खरोखर भिडतं, तिथे रेणूंचं रेणूंना क्षणभर चिकटणं, ही एक. दुसरी वाट जास्त मजेदार आहे. टायर किंचित सरकताना रबराला प्रत्येक उंचवट्यावरून चढून पलीकडे उतरावं लागतं. चढताना ते दाबलं जातं आणि उतरताना पुन्हा फुगतं, पण दाबायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी सगळी परत देत नाही. साखळ्या एकमेकींवर घासतात आणि काही ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणजे उंचवट्याच्या चढावर रबर जोरात रेटतं आणि उतारावर आळशासारखं मागे राहतं. या दोन जोरांतला फरक म्हणजे पकड. रबराच्या या मागे राहण्याला मराठीत शैथिल्य म्हणतात आणि इथे तो शब्द अगदी चपखल बसतो.

पण साखळ्यांना सरकायला वेळ लागतो. टायर रस्त्यावर सेकंदाला ३ मीटर या गतीने घसरतोय असं समजा. तीन मिलिमीटर अंतरावरच्या खड्यांवरून जाताना रबराला सेकंदाला हजार वेळा दाबून सुटावं लागतं. तीन मायक्रॉन अंतरावरच्या टोकांवरून जाताना दहा लाख वेळा! अंगठ्याचं नख रुतवताना आपण त्याला निवांत अर्धा सेकंद दिला होता. इथे त्याला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग मिळतो. तेवढ्या वेळात साखळ्यांना हलताच येत नाही, आणि न हलणाऱ्या साखळ्यांचा गुंता म्हणजे काच.

प्रत्येक रबराचं एक तापमान असतं, ज्याच्या खाली ते काचेसारखं कडक होतं. पण हे तापमान पक्कं नसतं. रबराला जितकी घाई कराल तितकं ते वर सरकतं. रबराच्या लेखी थंडी आणि घाई एकच. वीस अंशांचं रबर हाताला मऊ आणि दहा लाखांच्या घाईत कडक असतं, यात विरोधाभास काहीच नाही. तोंडातलं च्युइंगम आठवा : वर थंड पाणी प्यायलं की ते टणक होतं, आणि मऊ असतानाही खसकन ओढलं तर ताणलं न जाता तुटतं. घाईची भरपाई उष्णतेनेच करता येते. तापवलं की साखळ्या चपळ होतात, तेवढ्याशा वेळात खाचांत शिरतात, ऊर्जा जिरवतात. शर्यतीचा टायर साधारण ८० ते १०० अंशांच्या पट्ट्यात सगळ्यात चांगला चालतो तो यामुळे. त्याच्याही वर नेलं तर साखळ्या इतक्या चपळ होतात की दाबलेलं रबर जवळजवळ सगळी ऊर्जा परत देऊन टाकतं. जिरणं कमी होतं, आणि पृष्ठभागही फाटायला लागतो. पकड जास्तीत जास्त असते ती काच आणि रबर यांच्या सीमेपाशी, आणि टायर बनवणाऱ्यांचं सगळं कसब ती सीमा कुठे आखायची यात आहे. (इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा : थंड रबर मंद नसतं, त्याला वेळ पुरत नसतो.)

आता हार्टलीच्या जागी बसा. टायर तापवायचे तर रबर रस्त्यावर घासलं पाहिजे. घासून दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता म्हणजे पकडीचा जोर गुणिले सरकण्याचा वेग. पण पकडच नसेल तर जोर कुठून येणार? जपून चालवलं तर टायर तापत नाही, आणि तापवायला जोर लावला तर गाडी सुटते. त्यात रबर उष्णतेचं मंद वाहक. वरचा थर झटकन तापतो, आतलं अंग थंडच राहतं आणि पुढच्याच सरळ रस्त्यावर वरच्या थराची ऊब शोषून घेतं. आतून तापायला टायर वाकत राहावा लागतो. ताशी २५० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ३१ वेळा फिरतं, म्हणजे टायरचा प्रत्येक तुकडा तितक्या वेळा चेपला जातो. पण चांगलं तापायला त्यालाही काही किलोमीटर लागतात. सेफ्टी कारच्या, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना संथ ठेवणाऱ्या गाडीच्या, मागे गाड्या नागमोडी जाताना दिसतात त्या याचसाठी आणि टायरला चिकटलेला कचरा झाडण्यासाठी. खरी ऊब मात्र जोरात ब्रेक लावून पुन्हा वेग घेण्यात जास्त मिळते. ब्रेकची उष्णता रिममधून टायरच्या आतही पोचते.

आणि स्पाचा ट्रॅक नेमका अडचणीच्या जागी अडवतो. ७.००४ किलोमीटरची फेरी, पण पिटमधून निघालं की लगेच उताराच्या तळाशी ओ रूज आणि तिथून उजवीकडे वळत आकाशाकडे चढणारं रेदियों. तळाशी गाडी जमिनीत दाबली जाते, तेव्हा पकड भरपूर. माथ्यावर उलटं होतं : रस्ता खाली पडतो, गाडी हलकी होते आणि टायरवरचा भार निघून जातो. ज्या पकडीच्या भरवशावर तुम्ही वळायला घेतलं, ती माथ्यावर पोचेपर्यंत शिल्लकच नसते. टायर गरम असतील तर निभावतं.

ड्रायव्हरला हे आधी कळत नाही का? गरम टायरवर कळतं, आणि तेही मोठं सुंदर आहे. टूथब्रश तळहातावर दाबून हळूच ओढा. केस आधी वाकतात, मग घसरतात. टायरचा टेकलेला भाग तसाच असतो. पुढच्या कडेला नुकतंच टेकलेलं रबर सरळ उभं, मागे जाता जाता ते वाकत जातं आणि सगळ्यात मागचं सटकतं. त्यामुळे बाजूचा जोर टेकलेल्या भागाच्या मध्याच्या थोडा मागे एकवटतो आणि चाकाला सरळ करू बघतो. स्टिअरिंग हाताला जड लागतं ते त्यामुळे. मर्यादा जवळ आली की घसरणारा भाग मागून पुढे पसरतो, जोराचं केंद्र मध्याकडे येतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. कमाल पकडीच्या किंचित आधी! चांगल्या ड्रायव्हरचे तळवे तो क्षण ओळखतात. थंड टायरवर मात्र ही पूर्वसूचना आणि प्रत्यक्ष घसरण यांत अंतरच उरत नाही.

टायरमधल्या वायूचा दाबही तापमानाबरोबर बदलतो. २० अंशांना २२ पीएसआय भरलेला टायर ९० अंशांवर गेला की जवळजवळ ३१ पीएसआय दाखवतो. शाळेतलं वायूचं समीकरण आहे हे, फक्त वातावरणाचे १४.७ मिळवून केल्व्हिनमध्ये करायचं. रेसिंग संघ नायट्रोजन भरतात तो एवढ्यासाठी की तो कोरडा असतो. ओलाव्याची वाफ होऊन हा हिशेब चुकायला नको. ‘रेसिंगमध्ये वापरतात’ म्हणून रोजच्या गाडीत पैसे मोजून नायट्रोजन भरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मायलेज वाढतं, गाडी मऊ चालते वगैरे दावे विकणाऱ्याच्या फायद्याचे आहेत. महिन्यातून एकदा दाब तपासणं जास्त उपयोगी, आणि फुकट.

सराव, पात्रता, शर्यत असे तीन दिवस जसजसे सरतात तसतसं टायरमधलं रबर डांबरावर बसत जातं. गाड्या जिथून जातात तो पट्टा काळा होतो आणि रबराला रबर धरतं. पाऊस पडला की तोच पट्टा घात करतो. खाचा रबराने बुजलेल्या असतात, पाणी वर राहतं, म्हणून ड्रायव्हर बाहेरच्या खरखरीत डांबरावरून वळण घेताना दिसतात. कोरड्यात ती बाहेरची जागा कुणी घेत नाही. तिथे टायरमधून निघालेले रबराचे वळकटलेले तुकडे साचलेले असतात. इंग्रजीत त्यांना गोट्या म्हणतात, आणि चाक त्यांच्यावर गेलं तर परिणामही गोट्यांवर पाय पडल्यासारखाच होतो.

झेंडा पडल्यावर मात्र अनेक ड्रायव्हर पिटकडे परतताना मुद्दाम त्याच कचऱ्यावरून गाडी नेतात. तापलेल्या टायरला ते तुकडे पटापट चिकटतात. अंगभर काळे खवले आल्यासारखी चारही चाकं घेऊन गाडी वजनकाट्यावर चढते, आणि किमान वजनाच्या काठावर असलेल्या इंजिनिअरला झिजलेल्या रबराचं थोडंसं वजन परत मिळतं.