ऑपरेटिंग सिस्टिम डिप्लॉयमेंटमधील दोषशोधन

संस्थेतील शेकडो संगणकांवर पेन ड्राइव्ह घेऊन न फिरता नेटवर्कवरून, ठरवून दिलेल्या क्रमाने ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याच्या पद्धतीला स्वयंचलित डिप्लॉयमेंट म्हणतात. हे काम मध्येच अडले की ते नेमके कुठे आणि कशामुळे अडले हे शोधून काढणे म्हणजे त्यातील दोषशोधन. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे कॉन्फिगरेशन मॅनेजर (अजूनही सर्रास एससीसीएम म्हटले जाते), रेड हॅट लिनक्ससाठी किकस्टार्ट आणि डेबियनसाठी प्रीसीड ही या कामाची परिचित साधने. पुढील विवेचन मुख्यतः विंडोजला धरून आहे.

या कामात संगणक तासाभरात अनेक अवस्थांतून जातो. आधी नुसते फर्मवेअर (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) असते, मग मेमरीत चालणारे विनपीई हे छोटे विंडोज येते, नंतर डिस्कवर उतरलेले पण अर्धवट विंडोज आणि शेवटी डोमेनमध्ये (संस्थेच्या सामाईक नेटवर्क-व्यवस्थेत) सामील झालेला पूर्ण संगणक. प्रत्येक अवस्थेचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) वेगळे, लॉग (घडामोडींच्या नोंदींच्या फाइल) वेगळे. त्यामुळे चूक एका टप्प्यावर होते आणि तिचा परिणाम दुसऱ्याच टप्प्यावर दिसतो. संगणक कोणत्या अवस्थेत थांबला हे आधी निश्चित केले नाही, तर पुढची सगळी मेहनत अंदाजावर चालते.

पहिला अडथळा नेटवर्क बूटचा, म्हणजे संगणक नेटवर्कवरून सुरू करण्याचा. त्यासाठीचे पीएक्सई हे तंत्र इंटेलने पुढे आणले. त्याच्या विनिर्देशाची २.१ ही आवृत्ती १९९९ मधली आहे. यात संगणक डीएचसीपीकडून (नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता घेतो, बूट फाइल कुठे आहे ते विचारतो आणि टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने ती उतरवून घेतो. एका सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका भागात) सगळे सुरळीत आणि दुसऱ्यात पीएक्सई सर्व्हरचे उत्तरच येत नाही, असे असेल तर राउटरवर आयपी हेल्पर (अशा विनंत्या दुसऱ्या सबनेटमधील सर्व्हरकडे पोचवणारी सोय) लावला आहे का, हे प्रथम पाहावे. बायोस हे जुने फर्मवेअर असलेले संगणक बूट होतात पण यूईएफआय हे नवे असलेले होत नाहीत, तेव्हा बहुधा डीएचसीपीच्या ६६ आणि ६७ या पर्यायांत बायोससाठीची फाइल कायमची लिहून ठेवलेली असते. दोन्ही प्रकारांना वेगळी फाइल लागते, म्हणून हे पर्याय भरण्यापेक्षा आयपी हेल्परच लावणे इष्ट. स्विचच्या पोर्टवर पारंपरिक स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधली चक्रे टाळणारी पद्धत) चालू असेल तर केबल जोडल्यावर सुमारे ३० सेकंद वाहतूक सुरूच होत नाही, आणि तोवर काही संगणक पत्त्याची वाट पाहणे सोडून देतात. बूट इमेज (विनपीई असलेली फाइल) फारच सावकाश उतरत असेल तर टीएफटीपीचा गठ्ठा तपासावा. मूळ पद्धतीत ५१२ बाइटचा एक गठ्ठा पाठवून पोच येईपर्यंत सर्व्हर थांबतो. म्हणजे ४०० मेगाबाइटच्या इमेजसाठी आठ लाखांवर फेऱ्या.

विनपीई सुरू झाले की प्रश्न ड्रायव्हरचे. बूट इमेज तयार करताना कमांड प्रॉम्प्टची सोय चालू ठेवलेली असेल तर एफ८ दाबताच काळी खिडकी उघडते, आणि ती उघडी असेपर्यंत संगणक आपोआप रीस्टार्ट होत नाही. तिथे ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केल्यावर पत्ता दिसला नाही तर नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये नसण्याची शक्यता मोठी. ‘डिस्कपार्ट’मध्ये डिस्कची यादी रिकामी आली तर स्टोरेजचा ड्रायव्हर नाही, इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांवर व्हीएमडी (इंटेलची स्टोरेज हाताळण्याची सोय) चालू असताना हे फार वेळा घडते. हा ड्रायव्हर विनपीईच्या आवृत्तीशी जुळावा लागतो, बसवायच्या विंडोजशी नव्हे. याच टप्प्यावर फर्मवेअरमधली तारीखही पाहून घ्यावी. ती काही वर्षे मागे असेल तर सर्व्हरचे प्रमाणपत्र अवैध ठरते आणि दोष नेटवर्कचा वाटत राहतो. एकच यूएसबी नेटवर्क डोंगल आळीपाळीने अनेक लॅपटॉपांना लावण्यानेही घोटाळा होतो. सर्व्हर डोंगलच्या मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डच्या ओळखक्रमांकावरून) नव्या लॅपटॉपला आधीचाच समजतो. अशा डोंगलचा पत्ता दुर्लक्ष करायच्या यादीत नोंदवणे हा त्यावरचा उपाय.

दोषशोधनाचा गाभा मात्र लॉगवाचन. कॉन्फिगरेशन मॅनेजरची मुख्य फाइल एसएमएसटीएस.लॉग. विनपीईत ती एक्स ड्राइव्हवर, डिस्क फॉरमॅट झाल्यावर सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फोल्डरात आणि कॉन्फिगरेशन मॅनेजरचा क्लायंट (संगणकावर बसणारा त्याचा भाग) बसल्यावर विंडोजमधील सीसीएमच्या फोल्डरात असते. नवखा माणूस जुन्या जागेवर शोधतो आणि लॉगच नाही असे म्हणतो. पडद्यावरच्या कोडपैकी ८००७ ने सुरू होणारे उकलणे सोपे असते. पुढचे चार अंक षोडशमान पद्धतीतला विंडोजचा नेहमीचा त्रुटिक्रमांक असतात. ८००७००३५ मधले ३५ दशमानात ५३ होतात; ‘नेट हेल्पएमएसजी ५३’ ही आज्ञा दिली की ‘नेटवर्कचा मार्ग सापडला नाही’ या अर्थाचे उत्तर मिळते. ८००७०००५ म्हणजे प्रवेश नाकारला, ८००७०००२ म्हणजे फाइल सापडली नाही. ८०००४००५ मात्र ‘अनिर्दिष्ट चूक’ इतकेच सांगतो. त्यावर डोके आपटू नये. लॉगमधली शेवटची लाल ओळ हा बहुतेकदा परिणाम असतो. तिथून वर वर वाचत जाऊन पहिली बिघडलेली कृती गाठायची. फाइल न सापडण्यामागे, उदाहरणार्थ, पॅकेज त्या वितरण सर्व्हरवर पोचलेलेच नसणे किंवा नेटवर्क खात्याचा पासवर्ड बदललेला असणे निघते.

सर्वांत फसवा दोष डोमेन जोडणीचा, कारण ती फसली तरी सेटअप थांबत नाही. संगणक वर्कग्रुपमध्येच, म्हणजे डोमेनबाहेर, राहतो आणि पुढे लॉग-इन होत नाही तेव्हा ते कळते. याची नोंद विंडोजच्या डीबग फोल्डरातील नेटसेटअप.लॉगमध्ये मिळते. ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा अद्ययावतानंतर अनेक ठिकाणी नव्या नावाचे संगणक विनासायास जोडले जात, पण जुन्याच नावाने पुन्हा इमेज (विंडोजची तयार प्रत) टाकलेले अडत. दुसऱ्या खात्याने तयार केलेली संगणकनोंद पुन्हा वापरण्यावर त्या अद्ययावताने बंधन आणले होते; लॉगमध्ये २७३२ हा क्रमांक दिसला की कारण हेच.

दोष ड्रायव्हरचा की डिप्लॉयमेंटच्या ठरवलेल्या क्रमाचा, हे ठरवण्यासाठी तोच क्रम व्हर्च्युअल मशिनवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकावर) चालवून पाहतात. तिथे तो पार पडला आणि प्रत्यक्ष संगणकावर अडला, तर ड्रायव्हर आणि फर्मवेअरकडे वळावे. एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले तर काम होते, पण कशाने झाले ते कळत नाही.

२०१७ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये इमेज पाठवलीच जात नाही. कारखान्यातून आलेल्या विंडोजलाच इंटरनेटवरून संस्थेची घडी बसवली जाते. त्यामुळे पीएक्सईचे प्रश्न संपतात आणि नोंदणीचे सुरू होतात. इथे संगणकाची ओळख त्याच्या हार्डवेअर हॅशवरून (सुट्या भागांच्या माहितीवरून बनलेल्या खुणेवरून) पटते, आणि दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की ती हॅश बदलते. अशा वेळी जुनी नोंद काढून संगणक नव्याने नोंदवावा लागतो.