टोचणे सोपे, कुपी अवघड

मार्च 2021 मध्ये अमेरिकी सरकारने कोविडची लस टोचण्याची मुभा आणखी काही लोकांना दिली. दंतवैद्य, सुईणी, चष्म्याचा नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट, रुग्णवाहिकेवरचे पॅरामेडिक, वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी, निवृत्त डॉक्टर आणि परिचारिका, इतकेच काय, पशुवैद्यही त्या यादीत होते. औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टांना आणि त्यांच्या हाताखालच्या सहायकांना ही परवानगी 2020 मध्येच मिळाली होती. गुरांच्या डॉक्टरने माणसाच्या दंडात सुई टोचायची, हे ऐकून अनेकांना धक्का बसला. पण सुईची सवय पशुवैद्याला जितकी असते तितकी फार थोड्यांना असते. त्याचे रुग्ण तर हात पुढे करून शांत बसतही नाहीत. त्याला नव्याने शिकायचे होते ते सुईच्या आधीचे आणि नंतरचे.

साथीत हात कमी पडतात म्हणजे किती कमी पडतात, याचा साधा हिशोब करून पाहा. एका माणसामागे पाच मिनिटे धरली, तर आठ तास न थांबता टोचणारी एक व्यक्ती दिवसाला 96 जणांना लस देईल. एक कोटी लोकांना एकेक डोस द्यायचा, तर अशा व्यक्तींचे एक लाखाहून अधिक दिवस लागतील. त्याच काळात त्याच परिचारिका रुग्णालयातही हव्या असतात, आणि तान्ह्या बाळांच्या नेहमीच्या लसीही त्याच देत असतात. 2021 मध्ये जगातल्या सुमारे अडीच कोटी बालकांचा घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा किमान एक डोस चुकला. त्यामागे टाळेबंदीपासून युद्धापर्यंत अनेक कारणे होती, पण आरोग्य कर्मचारी कोविडच्या कामाला जुंपले गेले होते, हेही त्यातले एक.

मग प्रश्न असा की सुई धरायला शिकवणे किती कठीण आहे? फारसे नाही. दंडावर खांद्याचे हाड जिथे संपते, त्याखाली दोन-तीन बोटांवर डेल्टॉइड स्नायूचा जाड भाग असतो. सुई तिथे काटकोनात घालायची. फार वर टोचली तर लस स्नायूऐवजी सांध्याजवळच्या पिशवीत जाऊ शकते आणि खांदा कित्येक महिने दुखत राहतो. फार खाली गेली तर मज्जातंतूला इजा होऊ शकते. जागा अचूक ओळखता आली पाहिजे, आणि ती कोणत्याही धडधाकट प्रौढ माणसाला थोड्या सरावाने ओळखता येते.

लसीकरणाच्या इतिहासातले मोठे अपघात पाहिले, तर ते टोचताना झालेले फारसे दिसत नाहीत. ते कुपीपाशी झालेले आहेत.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यातले 19 जण धनुर्वाताने दगावले, आणि त्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. बाटली मुंबईत परळला, ही लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत भरलेली, त्यामुळे ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे उजेडात आले ते वेगळेच होते. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटलीचे बूच काढायला वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दोषमुक्त व्हायला त्यांना 1907 उजाडले. पुढे त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले.

शंभराहून अधिक वर्षांनी, 2018 च्या जुलैत, पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या देशात गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिल्यावर दोन बाळे काही मिनिटांतच गेली. ही लस पावडरच्या रूपात येते आणि आयत्या वेळी निर्जंतुक पाण्यात विरघळवावी लागते. तिथे पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे, मुदत संपलेले भुलीच्या वेळचे औषध मिसळले गेले होते. ते मिसळणारे हात प्रशिक्षित परिचारिकांचे होते. सरकारने ती लस कित्येक महिने थांबवली, लोकांचा विश्वास उडाला आणि त्या वर्षी गोवराच्या पहिल्या डोसचे प्रमाण 31 टक्क्यांवर घसरले. 2019 मध्ये गोवराची साथ आली. जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात 83 जण मरण पावले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुले. शेवटी डिसेंबरात दोन दिवस सरकारी कामकाज बंद ठेवून पथके घरोघर फिरली. ज्या घरात लस न घेतलेले कोणी असेल, त्या घरांनी बाहेर लाल कापड बांधायचे होते. परदेशांतूनही वैद्यकीय पथके मदतीला आली होती. एका कुपीतल्या चुकीची ही किंमत मला अजूनही अस्वस्थ करते.

जर्मनीतल्या श्ट्राल्झुंडमध्ये डिसेंबर 2020 मध्ये वृद्धाश्रमातल्या आठ कर्मचाऱ्यांना फायझरच्या लसीचा पाचपट डोस गेला, तोही याच टप्प्यावर. त्या वेळी ती कुपी सलाईन घालून पातळ करावी लागे, आणि मग तिच्यातून पाच डोस निघत.

ही उदाहरणे नवख्या हातांना दूर ठेवण्यासाठी दिलेली नाहीत. ती दाखवतात की लस देणे हे एक काम म्हणून पाहणेच चुकीचे आहे. समोरच्याला कशाचे वावडे आहे, आज ताप आहे का, आधीच्या डोसला काय झाले होते, हे विचारून निर्णय घेणे हे एक काम. कुपी तयार करणे दुसरे. टोचणे तिसरे. नोंद चौथे. आणि त्यानंतरची 15 किंवा 30 मिनिटे लक्ष ठेवणे पाचवे. दहा लाखांत काही मोजक्या लोकांना तीव्र वावड्याचा झटका येतो, श्वास घुसमटतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हा मांडीत ताबडतोब अ‍ॅड्रेनालिन देणारे कोणी जवळ नसेल, तर बाकी सगळी शिस्त व्यर्थ.

ब्रिटनने ऑक्टोबर 2020 मध्ये कायदा बदलला तो नेमका हे ओळखून. राष्ट्रीय नियमावलीत कामाचे टप्पे वेगळे केले. तपासणी आणि संमती नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिकाकडेच ठेवली, आणि टोचण्याचा टप्पा प्रशिक्षण घेतलेल्या, पण डॉक्टर किंवा परिचारिका नसलेल्या व्यक्तीलाही देखरेखीखाली करता येईल असे ठरवले. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या संस्थेने हजारो स्वयंसेवक तयार केले. विमाने जमिनीवर उभी असल्याने रिकामे बसलेले केबिन क्रूही यात आले. प्रथमोपचाराचे शिक्षण त्यांना आधीपासूनच होते. मला हा मार्ग अमेरिकेच्या मार्गापेक्षा अधिक पटतो. कोणत्या व्यवसायाला परवानगी द्यायची, या प्रश्नापाशी तो थांबत नाही. कामाचा कोणता तुकडा कोणाला द्यायचा, हे तो विचारतो.

कधी कधी हे तुकडे करण्याचे काम एखादे साधनच करून टाकते. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावरचे देवीच्या लसीचे वण आठवा. 1960 च्या दशकात बेंजामिन रुबिन यांनी दुतोंडी सुई बनवली. ती लसीत बुडवली की दोन टोकांच्या मध्ये एक थेंब धरून ठेवते, म्हणजे डोस मोजायचे काम सुईच करते. मग कातडीवर एकाच जागी भराभर पंधरा वेळा टोचायचे. पूर्वीच्या पद्धतीच्या चौथाई लसीत काम भागे, आणि गावातल्या तरुणाला हे तंत्र थोड्या वेळात शिकवता येई. आठवड्याने फोड आला की नाही ते पाहिले, की लस लागली का हेही कळे. 1980 मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले, त्यात या सुईचा आणि ती हाती घेतलेल्या बिगर-डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या थेंबांनी तर सुईच काढून टाकली, आणि पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर अंगणवाडी सेविका व स्वयंसेवक बसू शकले.

भारताने जानेवारी 2021 मध्ये पाच जणांचे पथक ठरवले होते. टोचणारी एक व्यक्ती, बाकीचे ओळख तपासणारे, गर्दी आवरणारे आणि लस घेतलेल्यांवर अर्धा तास लक्ष ठेवणारे. टोचणाऱ्यांत डॉक्टर, नर्स आणि एएनएम (उपकेंद्रावरच्या सहायक परिचारिका-प्रसाविका) यांच्याबरोबर दंतवैद्य आणि फार्मासिस्ट यांनाही जागा होती. कामाची विभागणी आपल्यालाही जमते, हे त्यातून दिसले. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा भार एएनएम ताईंवर पडला, आणि त्यांच्या नेहमीच्या कामाचे काय, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही देशाने उसनी घेताना विचार करावा अशी आहे. अमेरिकेच्या आणीबाणीच्या कायद्याने लस देणाऱ्याला खटल्यापासून जवळजवळ पूर्ण संरक्षण दिले. ते मला योग्य वाटते, नाहीतर पुढे कोण येईल? पण ज्याला खरोखर इजा झाली, त्याने जायचे कुठे? तिथल्या भरपाई योजनेतून फार थोड्या अर्जदारांच्या हाती पैसे आले. संरक्षण आणि भरपाई एकाच दिवशी, एकाच आदेशात यायला हवीत.

महाराष्ट्रात दंत, फार्मसी, पशुवैद्यक आणि नर्सिंगची महाविद्यालये आहेत. तिथल्या अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एक दिवस शिकवता येईल: कुपीवरचे लेबल मोठ्याने वाचून दुसऱ्याला दाखवायचे, विद्रावक, म्हणजे लस विरघळवायचे पाणी, वेगळ्या खोक्यात ठेवायचा, उघडलेल्या कुपीवर वेळ लिहायची, अ‍ॅड्रेनालिन कुठे आणि किती द्यायचे. शिकलेल्यांची नावे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे साथ येण्यापूर्वीच असली, तर पहिल्याच आठवड्यात एएनएमला तिच्या उपकेंद्रातून हलवावे लागणार नाही.