चुन्याच्या भिंतीत चेहरा का दिसत नाही?

जितका अधिक प्रकाश परतेल तितकी प्रतिमा स्पष्ट, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. जांभ्याच्या कठड्यावरून वाकून विहिरीत सरळ खाली पाहिले, तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवते, तरीही आपला चेहरा ओळखू येतो. उलट चुन्याची पांढरी भिंत त्याच्या कितीतरी पट प्रकाश परतवते, पण तिचे उंचसखल कण तो सर्व दिशांना विखुरतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते, आणि पृष्ठभागावरील उंचवटे त्याहून बरेच लहान असले, तरच किरणांची मांडणी टिकून स्वच्छ प्रतिमा मिळते. गुहागरच्या किनाऱ्यावर लाट ओसरली, की ओल्या वाळूत सुरूची झाडे उलटी दिसतात. पाणी मुरून कण वर आले, की ती पुसली जातात.