मध्य-इंजिन मोटारगाडी

मध्य-इंजिन मोटारगाडी : पुढच्या आणि मागच्या आसांच्या दरम्यान इंजिन बसविलेली मोटारगाडी. वजन मध्याजवळ एकवटल्यामुळे उभ्या अक्षाभोवतीचे निरूढी परिबल (फिरण्याला होणारा विरोध) कमी राहते व गाडी वळणावर चटकन फिरते. मात्र घसरू लागली की सावरायला अवधीही थोडाच मिळतो.

या रचनेचा आरंभ कोठून धरावा यावर एकमत नाही. शर्यतीपुरते पाहिल्यास १९२३ च्या इटालियन ग्रां प्रीत धावलेली बेंझची ‘ट्रॉप्फेनवागेन’ बरीच आधीची ठरते. १९३० नंतरच्या दशकात आउटो युनियन या जर्मन कंपनीने तोच मार्ग धरला. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबहम कूपर गाडीतून फॉर्म्युला वन शर्यतींचा जगज्जेता झाला आणि पुढच्या भागात इंजिन असलेल्या शर्यती गाड्या मागे पडल्या. रस्त्यावरच्या गाड्यांत पहिलेपणाचा मान पुष्कळदा लँबॉर्गिनी मिउराला (१९६६) दिला जातो. परंतु रने बॉने यांची ‘जेट’ १९६२ च्या सुमारासच विक्रीस आली होती, तेव्हा तिचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

पिढ्यांच्या तुलनेसाठी टोयोटा एमआर२ हे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या पिढीत (१९८४) १.६ लिटरचे इंजिन होते. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) जोडल्यावर ते सुमारे १४५ अश्वशक्ती देई. दुसऱ्या पिढीत (१९८९) २ लिटरच्या टर्बो इंजिनाने २०० चा टप्पा गाठला, पण वजनही सुमारे १,२५० किग्रॅ. पर्यंत गेले. भर वळणात अॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला की मागची बाजू बाहेर फेकली जाई. १९९२ च्या सुमारास निलंबन (सस्पेन्शन) व मागचे टायर बदलून हा दोष बराच आटोक्यात आणला गेला. तिसरी पिढी (१९९९) अवघी १४० अश्वशक्तीच्या आसपास, पण वजन जेमतेम एक टन. सरळ रस्त्यावर दुसरी पिढी सरस, हे निर्विवाद. वळणांच्या रस्त्यावर मात्र तिसरीचा हलकेपणा अधिक मोलाचा मानावा लागेल.

कोकण किनारपट्टीला हा निकष नेमका लागू पडतो. कशेडी, परशुराम, कुंभार्ली, आंबा या घाटांत पूर्ण अश्वशक्ती वापरायला सरळ रस्ता फारसा नाही, आणि पावसाळ्यात जांभ्याची लाल माती डांबरावर वाहून आली की टायरची पकड एकाच वळणात बदलते. जमिनीलगतच्या क्रीडामोटारी येथे विरळाच.

येथे नित्य दिसणारी मध्य-इंजिन गाडी म्हणजे मारुती ओम्नी. इंजिन चालकाच्या पाठीमागेच हवे, असे मानणारे तिला या वर्गात घेत नाहीत. आसांची व्याख्या प्रमाण मानली तर ती बसते. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या या गाडीत ७९६ घ.सेंमी.चे, साधारण ३५ अश्वशक्तीचे इंजिन पुढच्या सीटखाली असे. दुरुस्तीसाठी सीट उचलावी लागे आणि घाट चढताना इंजिनाची धग चालकाला बसे. २०१० मध्ये आलेल्या ईकोने तीच मांडणी ठेवून शक्ती सुमारे ७३ वर नेली. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. दोन्ही गाड्यांना गती मागच्या चाकांतून मिळते, म्हणून ओल्या चढावर रिकामी गाडी चाके फिरवत राहते आणि मागे माणसे बसलेली वडापची (माणशी भाडे घेऊन चालणारी) गाडी पकड घेऊन चढते.